टोकाचं वजन

आयेचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच एका गावच्या सज्ज्याखाली, डोक्याला बॅटरी बांधून, शिडीवर उभी होते.

“कामात हायस काय गो बाय?”

“शिडीवर आहे, आये. पटकन बोल.”

“पटकन बोलायसारखं काय नाय. माजा नारळ गडगडतो.”

आयेची ही सवयच. मुद्द्यावर यायच्या आधी गावभर फिरून येणार. मी म्हटलं, नारळ गोल असतो, तो गडगडणारच, त्यासाठी मला कशाला फोन. तर म्हणाली, “तसा नाय. आदी हातातनं सुटला की दाराकडं जायचा, दर्याकडं. आता चुलीकडं येतो. पानी सांडलं तरी चुलीकडंच येतं. माला वाटलं तुला सांगावं.”

मी शिडीवरून खाली उतरले आणि जमिनीवर बसले. सज्ज्यावरच्या घरांची जमीन समुद्राच्या बाजूला जराशी उतरती ठेवलेली असते, पाणी वाहून जायला. आयेचं दार समुद्राकडे आणि चूल कड्याकडे. नारळ चुलीकडे येत असेल तर सज्ज्याचं टोक वर आलंय. टोक खाली झुकलं की लोक घाबरतात, ओरडतात, कुणीतरी बघायला येतं. वर आलेल्या टोकाला कुणी घाबरत नाही. उलट बरं वाटतं लोकांना.

“आये, घरातलं काही बाहेर काढलंय का? कपाट, पेटी, काही?”

“नाय गो. काय पन नाय.” मग आठवून म्हणाली, “आप्पाचे चिरे तेवढे देवळात नेले. सगळ्यांचेच नेले.”

मी त्याच संध्याकाळी तिवरबंदरची गाडी धरली.

ज्यांना तिवरबंदर ठाऊक नाही त्यांना सांगते, आता ठाऊक करून घेण्यासारखं तिथं फार उरलेलं नाही. जुना गाव पाण्याखाली आहे. समुद्र एकेक आळी खात वर आला, तेव्हा सरकारने मागच्या उभ्या कड्यातून तीन सज्जे बाहेर काढले, एकावर एक. सर्वात वरचा आम्हा खारव्यांचा. मधल्यावर दुसरी वस्ती आणि शाळा. खालच्यावर आणखी घरं, बर्फाचा कारखाना, होड्यांचा धक्का. सज्जा म्हणजे घराचा असतो तसाच, फक्त गाव मावेल एवढा. एक टोक कड्यात रुतलेलं, दुसरं हवेत, खाली खांब नाही. पाण्यात खांब टिकत नव्हते, म्हणून तर हा उद्योग.

आता हे उभं कसं राहतं ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. हात सरळ पुढे करा आणि कुणाला तरी त्यावर पाण्याची घागर ठेवायला सांगा. घागर यायच्या आधीच तुम्ही दंड घट्ट करता. करावाच लागतो, नाहीतर घागर आली की हात पडतो. काँक्रीटच्या तुळईचंही तेच. टोकाला वजन आलं की तिची वरची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. काँक्रीट दाब कितीही सोसतं, ताण मुळीच सोसत नाही. म्हणून वरच्या बाजूने आतून दोर घालतात आणि माणसं राहायला यायच्या आधीच ते आवळून ठेवतात. त्याला आम्ही आगाऊ ताण म्हणतो. रिकामी तुळई त्याने किंचित वर वाकते. माणसं आली, भांडीकुंडी आली, की बसते सरळ.

पूर्वी हे दोर पोलादाचे असत आणि वर्षं गेली की सैल पडत. मग तंतू आला. हा तंतू सैल पडत नाही. जरा ढील मिळाली की आपणहून आवळतो आणि एकदा आवळला की सोडत नाही. काय कौतुक झालं त्याचं. देखभाल नको, माणूस नको, शंभर वर्षं बघायला नको. मीही माझ्या शिक्षणाच्या काळात त्या कौतुकात टाळ्या वाजवल्यात. पण घागर धरलेल्या हातावरून कुणी घागर अचानक उचलली तर काय होतं? हात वर उडतो. आपण दंड लगेच सैल सोडतो म्हणून बरं. तंतू सोडत नाही. सज्ज्यावर आजवर जो सर्वात कमी भार होता तो त्याने धरून ठेवलाय. त्याहून भार कमी झाला की टोक वर येतं, ढील मिळते, ती तो घटकाभरात खातो. मग तुळई उलटी वाकते आणि ताण येतो खालच्या बाजूला. तिथं ताण कधी येणारच नाही या खात्रीने तिथं लोखंडही धड घातलेलं नाही.

म्हणून आमच्याकडे नियम होता. निम्म्याहून जास्त गाव एकदम बाहेर पडायचा नाही, कुणाचं लग्न असो की मयत. आणि जो माणूस कायमचा जाईल, परगावी किंवा वर, त्याच्या वजनाचे जांभ्याचे चिरे त्याच्या जागी ठेवायचे. नियम काढला इंजिनियरांनी, पण लोक काय नुसता नियम पाळतात होय? वर्षभरात चिऱ्यांना हळदकुंकू लागलं. दोन वर्षांत नैवेद्य आला. माझे वडील, आप्पा, गेले तेव्हा त्यांचे दोन चिरे आणि एक तुकडा आयेने त्यांच्या खुर्चीच्या जागेवर ठेवले, समुद्राकडे तोंड करून. चिऱ्याला तोंड कुठलं, पण आयेला दिसायचं. रोज चहा झाला की कपाचा एक घोट तिथं ठेवायची आणि बारक्यासारक्या गोष्टी सांगायची. पापलेट महागलं. तनुजाचा फोन नाय आला.

तनुजा म्हणजे मी. सज्ज्यांची भारपाल. वजनाची राखणदारीण म्हणा.

गावात पोचले आणि आधी नरेशदादाला गाठलं. नरेश आडेकर आमच्या गावकीचा मुख्य. माणूस वाईट नाही, उलट फार चांगला, आणि चांगल्या माणसांशी भांडायला मला जड जातं. तो मला देवळात घेऊन गेला. देऊळ कड्याला अगदी चिकटून, सज्ज्याच्या मुळाशी. देवीच्या उजव्या हाताला नवा चौथरा बांधलेला, त्यावर चिरे ओळीने मांडलेले, प्रत्येकाला पांढरा रंग, नाव, ताजी फुलं. टोकाच्या ओळीतल्या घरांतले जवळजवळ सगळे. आमच्यातली म्हातारी माणसं हट्टाने टोकाच्या ओळीत राहत, त्यांना दर्या दिसायला हवा असे. त्यामुळे मेलेली माणसंही टोकालाच जास्त.

“बघ किती छान झालंय,” नरेशदादा म्हणाला. “अगं, लोक चिऱ्यांवर बांगडे वाळत घालायला लागले होते. परवा एकाने आपल्या आजोबांवर गिरमिट ठेवून भोक पाडलं. आपले बापजादे असे पायदळी बरे दिसतात का? देवीच्या शेजारी स्वच्छ जागेत आले.”

“दादा, मला विचारलंत का?”

“तू नव्हतीस. पण वजनकाट्यावर बघितलं ना आम्ही. वेशीवरचा काटा बघ जाऊन. एक किलोसुद्धा सज्ज्याच्या बाहेर गेलेला नाही. होतं तेवढं वजन आहे.”

मी देवीसमोर बसले. डोकं दोन्ही हातांत धरलं. त्याने काटा बघितला होता, प्रामाणिकपणे बघितला होता. टोकाला सरळपणा मोजायचं यंत्र होतं, ते खाऱ्या हवेने खाल्लं आणि नवं येतंय येतंय म्हणून आलंच नाही. उरला वेशीवरचा काटा. तो किती ते सांगतो, कुठं ते सांगत नाही.

“दादा, घागर हाताच्या पंजावर धरली आणि काखेत धरली, फरक पडतो ना?”

“पडतो की.”

“तुम्ही पंजावरची घागर काखेत ठेवलीत.”

तो हुशार माणूस आहे. लगेच उमगलं त्याला. एकेका चिऱ्याकडे बघत म्हणाला, “मग परत नेऊ. आजच नेऊ. सगळ्या पोरांना बोलावतो.”

“थांबा,” मी म्हटलं. “आधी मला खाली बघून येऊ द्या.”

सज्ज्याच्या मुळाशी, कड्याच्या पोटात, आम्हाला तपासणीसाठी एक अरुंद बोळ ठेवलाय. सरपटत जावं लागतं. तिथून सज्ज्याची खालची बाजू दिसते. मी बॅटरी मारली. भेग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली होती. तिच्या दोन्ही कडा फुटून भुगा झालेला, भुग्याचे ढीग खाली साचलेले, मीठ चढलेलं. मी बोट घातलं तर ते पेरापर्यंत आत गेलं. तिथंच पालथी पडून मी बराच वेळ रडले. कुणी बघायला नव्हतं म्हणून रडले, एरवी मला ते जमत नाही.

चिरे गेल्यावर नेहमीसारखा निम्मा गाव एकदा बाहेर पडला असेल, तेव्हाच टोक कधी नव्हतं इतकं हलकं झालं असणार. चिरे परत टोकाला नेले असते तर भेग मिटली असती, पण मिटून ती टेकणार कशावर? कडा फुटलेल्या. सगळा दाब त्या भुग्यावर आला असता आणि सज्जाच खाली बसला असता. टोकावरून आणखी वजन काढलं तर भेग वर फाटणार. घालता येत नाही, काढता येत नाही. वरच्या कार्यालयातल्या साहेबांना फोन केला, त्यांनी आणखी वरच्यांना केला, आणि फिरून फिरून सगळे मी सांगितलं त्याच जागी येऊन थांबले. सज्जा जसा आहे तसा ठेवून माणसं काढायची.

कड्याजवळच्या ओळींतली माणसं नुसती चालत निघून गेली. त्यांच्या जाण्याचं टोकाला काही नाही. प्रश्न टोकाचा होता. तिथला एक माणूस कड्याजवळच्या अख्ख्या बिऱ्हाडाएवढा. त्याच्यासाठी एकच रीत होती. मासळीच्या पेट्या वाहायची चाकांची गाडी घ्यायची, तिच्यावर त्या माणसाच्या वजनाचे चिरे ठेवायचे, टोकाला कप्पी लावून तिचा दोर इकडून ओढायचा. माणूस टोकाकडून कड्याकडे चालत येणार, गाडी कड्याकडून टोकाकडे जाणार. मध्यावर दोघांनी एकमेकांना ओलांडायचं. सज्ज्याला कळताच कामा नये की काही बदललं.

पण त्याला कळायचं. कितीही मापून करा, माणूस काही चाकांवर चालत नाही. दर वेळी भेग जराशी उघडायची आणि मिटायची. पक्कड नसली की आपण तार कशी तोडतो? इकडे वाकवतो, तिकडे वाकवतो, पुन्हा इकडे. एका वाकवण्याने तुटत नाही. कितव्याने तुटेल ते तारेला बघून सांगता येत नाही.

आणि वरचा सज्जा तुटला तर एकटा जाणार नव्हता. बरोब्बर खाली मधला सज्जा, त्याखाली खालचा. शाळेत सव्वाशे पोरं. खालचे सज्जे तासाभरासाठी रिकामे करा असं मला दहा जणांनी सुचवलं. कसे करणार? तंतू तिथंही तोच. रिकामे केले की त्यांनाही हीच भेग. चिरे भरत भरत करायचं तर महिने लागतात, आणि नुसती पोरं काढावीत तर मधल्यावरचे गडी हंगामाला होड्यांवर, निम्मी वस्ती आधीच बाहेर. पोरांना कड्याच्या बाजूच्या वर्गात बसवलं, एवढंच हाती होतं.

कामाच्या आदल्या दिवशी आयेकडे गेले. टोकाची ओळ, शेवटचं घर. तिने माझ्यासाठी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण केलं होतं. तिला सगळं समजावून सांगितलं, तीही ऐकत होती आणि मध्येच मला आणखी भात वाढत होती.

“उद्या तुझा नंबर पहिला लावते,” मी म्हटलं.

“का?”

“का म्हणजे? तू टोकाला आहेस. तुझं घर शेवटचं.”

“मंग माजा नंबर शेवटचा.” तिने झाकणी ठेवली. “तू भारपाल. तुजी आये पयली निघाली तर बाकीच्यांनी काय समजायचं? शोभाची सून पोटुशी हाय. ती पयली. मी काय, मी बसलेलीच हाय.”

“आये, शेवटचा नंबर म्हणजे काय ते कळतंय का तुला? प्रत्येक वेळी तार वाकणार.”

“कळतंय गो. तूच आता सांगितलंस.” मग आप्पांच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, “ते नेल्यापासनं घर लय मोकळं वाटतं. नेताना माला पन बरं वाटलं होतं, देवीजवळ चाललेत म्हनून. आता चहा कुनाला ठेवू तेच कळत नाय.”

मी तिच्याशी भांडले. हात धरून ओढायचं तेवढं बाकी ठेवलं. ती ऐकली नाही. आमच्या घरात ऐकण्याची पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोळात पालथी पडले, भेगेवर बॅटरी, कानाला फोन. वर नरेशदादा दोरापाशी. मी भेग शांत झाली की सांगायचे, “सोडा.” मग वरून गाडीची चाकं वाजत जायची आणि भेग हलायची. थोडा भुगा पडायचा. मग पुन्हा शांत. शोभाची सून आली. मग शोभावहिनी. जाक्करांचं म्हातारं जोडपं आलं, ते दोघं एकमेकांना सोडून चालायला तयार नव्हते, त्यांच्यासाठी गाडीवर दुप्पट चिरे घातले. टोकाकडच्या ओळी एकेक करून रिकाम्या झाल्या. चौथरा रिकामा होत गेला. ज्यांच्या बापाचे चिरे गाडीवर असत ते मध्यावर थांबून हात लावत, आणि मी खालून ओरडत असे, थांबू नका, चालत राहा.

शेवटी आये राहिली. गाडीवर आप्पांचे दोन चिरे आणि एक तुकडा, वर थोडी भरती, आये आप्पांपेक्षा जड म्हणून. नरेशदादा फोनवर म्हणाला, “काकी दारात उभी आहे. पिशवी घेतलीय. सोडू का?”

मी भेगेकडे बघत होते. आधीच्या फेरीनंतर ती शांत व्हायला हवी होती. झाली नाही. हळूहळू, माझ्या डोळ्यांसमोर, तिची खालची कड सुटली आणि नारळाएवढा तुकडा निघून खाली गेला. मग बऱ्याच खालून पत्र्यावर आवाज आला आणि पोरांचा कालवा ऐकू आला. कुणाला लागलं नव्हतं. शाळेच्या व्हरांड्याच्या पत्र्याला भोक पडलं होतं, एवढंच.

“तनू, सोडू का?”

“नको.”

“अगं, एकच राहिलीय. आत्तापर्यंत इतक्या झाल्या, एक आणखी. देवीचं नाव घेऊन ओढतो मी.”

“दादा, दोराला हात लावू नका.”

“तुझी आये आहे ती,” नरेशदादा म्हणाला. मी त्याला म्हटलं, फोन तिला लावून द्या.

“आये.”

“हां बाय. निघू?”

“पिशवी खाली ठेव, आये.”

मला तिचा श्वास ऐकू येत होता, आणि तिच्यामागे समुद्र.

“बरं,” ती म्हणाली. “मंग भात टाकते.”

हे होऊन आता दोन पावसाळे गेलेत. हेलिकॉप्टरचं विचारू नका, सगळ्यांनी विचारून झालंय. उचलून नेलं काय आणि चालत आणलं काय, टोकाला ते एकच. ती फेरी कदाचित झालीही असती. कदाचित तार आणखी दहा वेळा वाकली असती. हे मला रोज सुचतं, आंघोळ करताना, जेवताना, कधीही. माझा भाऊ रोशन जहाजावर असतो. त्याने तेव्हा फोनवर एकच विचारलं, “शाळेतली पोरं तुझी कोण होती?” त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. आयेशी रोज बोलतो. मधल्या सज्ज्यावरच्या बायका मला बघितलं की पोरांना पुढे करतात, मावशीच्या पाया पडा म्हणतात. मला ते सहन होत नाही. मी रस्ता बदलते.

खालचे दोन्ही सज्जे रीतसर, चिरे घालत घालत रिकामे करायचे, मग वरच्याचं बघायचं, असं ठरलेलं आहे. त्या माणसांना ठेवायचं कुठं ते ठरलेलं नाही. साहेब म्हणतात, काम चालू आहे. दर वेळी चहा देतात.

आयेला जेवण ड्रोनने जातं. आत किती गेलं आणि बाहेर किती आलं ते जुळवावं लागतं. तिने घरात एका ठरावीक पट्ट्यातच वावरायचं. कुणी तिच्याकडे जायचं नाही. मी बाजूच्या, समुद्रात पुढे आलेल्या कड्याच्या टोकाला जाऊन बसते, तिथून तिचं दार दिसतं. संध्याकाळी ती दारात येते, हात हलवते, आणि आम्ही फोनवर बोलतो, दोन शेजारणी बोलाव्यात तशा.

आणि ती बारीक होतेय. वयच झालं, शिवाय एकटीला जेवण जात नाही. तिचा एकेक किलो कमी झाला की टोक तेवढं हलकं होतं, आणि तंतू टपलेलाच आहे. म्हणून मी तेवढ्या वजनाची वाळूची पिशवी पाठवते. ती पिशव्या आप्पांच्या जागेवर रचते.

“माज्यापरास वाळूच जास्त झाली घरात,” ती परवा म्हणाली.

“नीट जेव मग. म्हणजे पाठवावी लागणार नाही.”

“जेवते गो. लय बोलू नको.” मग म्हणाली, “बाय, एक इचारू? मी मेल्यावर काय करशील?”

“आये, गप्प बस.”

“गप्प बसून कसं चालंल. ठरवायला नको? माला उचललंत तर टोक वर येनार. आप्पाला हलवला त्यातच हे झालं. तवा माला उचलू नका. हितंच ऱ्हाऊ दे. जाळायचं नाय, काय नाय. दर्या हाय समोर.” ती अगदी रोजच्या आवाजात बोलत होती, बाजारात काय आणायचं ते सांगावं तशी. “आन माज्या नावाचे चिरे नका ठेवू. लोकांना सवय हाय, कुनीतरी गाडीवर घालून ढकलंल. मी हितंच असनार ना. वजन डबल होईल.”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माझी सगळी विद्या तिला पाठ झाली होती, आणि तिचं बरोबर होतं.

एक सोडून. मेलेल्या माणसाचं वजनही तसंच राहत नाही. ते सुकतं, कमी होत जातं, आणि बराच काळ होत राहतं. हे मी तिला सांगितलं नाही. ती दारातून आत गेली, दिवा लागला, मी थोडा वेळ बसून राहिले आणि घरी आले. सकाळी उठून शिंप्याकडे गेले आणि वाळूच्या आणखी पिशव्या शिवायला टाकल्या.